ठेवीदारांचा कायदा अधिवेशनाच्या शेवटच्या दुपारी? चर्चा

नोंदवही (चर्चेची सुरुवात)

माझं म्हणणं सरळ आहे. सहकारी बँका आणि पतसंस्थांच्या ठेवी, संचालकांची जबाबदारी, वसुली, अवसायन (संस्था गुंडाळणं) यांपैकी कशालाही हात लावणारं विधेयक राज्य विधिमंडळाने अधिवेशनाच्या शेवटच्या दोन दिवसांत मंजूर करू नये. मांडायचं तर जरूर मांडा. मंजुरी पुढच्या अधिवेशनात द्या, आणि मधल्या काळात ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे जाऊ द्या.

शेवटच्या दुपारी काय होतं हे कामकाज पाहणाऱ्याला सांगायला नको. पुरवणी मागण्या झालेल्या असतात, अंतिम आठवडा प्रस्तावावरची भाषणं संपलेली असतात, सदस्यांच्या गाड्या बाहेर लागलेल्या असतात. मग एकामागून एक विधेयकं पुकारली जातात. खंड 2 ते अमुक विधेयकाचा भाग झाले, होयचे बहुमत, पुढचं विधेयक. रस्त्याच्या नामकरणाला हे चालेल. लोकांच्या आयुष्यभराच्या पुंजीला चालणार नाही.

आणि हा विषय गुंतागुंतीचा आहे. बँकिंग केंद्राच्या सूचीत आहे (नोंद 45), सहकारी संस्था राज्याच्या सूचीत (नोंद 32). सहकारी बँक या दोघांच्या बांधावर उभी असते. परवाना, कर्जाचे निकष, पैसे काढण्यावरचे निर्बंध रिझर्व्ह बँकेकडे. नोंदणी आणि संस्थेअंतर्गत चौकशी राज्याच्या सहकार खात्यातल्या निबंधकाकडे. 2020 च्या केंद्रीय दुरुस्तीने रिझर्व्ह बँकेचा हात आणखी लांब केला. सहकारी बँका वसुलीसाठी सरफेसी कायदा (कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा केंद्रीय कायदा) वापरू शकतात का, एवढ्या एका प्रश्नाचा निकाल मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने 5 मे 2020 रोजी दिला. तोवर दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षं वकील लावले.

1999 चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा आठवा, ज्याला आपण सगळे एमपीआयडी म्हणतो. त्याच्या हेतूबद्दल कोणाला शंका नव्हती. तरीही 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने तो राज्याच्या अधिकाराबाहेरचा ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा करेपर्यंत काही वर्षं गेली. घाईत लिहिलेला कायदा असाच कोर्टात अडकला, तर त्याची किंमत संचालक मोजत नाही, ठेवीदार मोजतो.

पासबुक

तुम्हाला पुढच्या अधिवेशनापर्यंत थांबता येतं, कारण तुमचे पैसे अडकलेले नाहीत.

आमचे अडकले आहेत. वडिलांच्या निवृत्तीचे पैसे आईच्या नावावर मुदत ठेवीत होते, गावातल्या एका पतसंस्थेत. नाव लिहीत नाही, प्रकरण कोर्टात आहे. एके सकाळी शटरवर कागद चिकटवलेला दिसला: "तांत्रिक कारणास्तव व्यवहार बंद, अमुक तारखेला सुरू होतील." ती तारीख पुढे पेनाने खोडून दुसरी लिहिली, मग तिसरी. पावसाने शाई उतरली तरी कागद तिथेच होता. आईने पावत्यांना रबर बँड लावून त्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्या होत्या. गेल्या उन्हाळ्यात मी त्या बाहेर काढल्या तेव्हा रबर वितळून वरच्या पावतीला चिकटला होता. सोडवताना नेमका रकमेचा आकडा फाटला. आई काही बोलली नाही. तिने तो तुकडा वहीत ठेवून दिला.

या मधल्या काळात अध्यक्षांच्या शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर फेरफार होऊन मुलाच्या सासऱ्यांचं नाव लागलं. तुमची समिती बसेल, सूचना मागवेल, अहवाल देईल, तोवर आणखी किती गट नंबर हलतील? बँकेतल्या ठेवीला निदान विमा आहे. 4 फेब्रुवारी 2020 पासून पाच लाखांपर्यंत, आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यापासून नव्वद दिवसांत. पतसंस्थेच्या ठेवीला ते छत्र नाही. आमच्यासाठी जे काही आहे ते राज्याच्या कायद्यात आहे. तो शेवटच्या दिवशी होवो, रात्री बारा वाजता होवो, होऊ द्या.

नोंदवही

पासबुक, तुमच्या आईंचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. तरी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण "आज नाही तर कधीच नाही" ही भीती मुद्दाम घातली जाते. अधिवेशन संपलं म्हणून विधेयक मरत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 196(3) मध्ये स्पष्ट आहे की सत्रसमाप्ती झाल्यामुळे प्रलंबित विधेयक व्यपगत होत नाही. ते व्यपगत होतं विधानसभा विसर्जित झाल्यावर, म्हणजे विधानसभेत प्रलंबित असलेलं किंवा विधानसभेने मंजूर करून परिषदेत अडकलेलं. मुंबईच्या पावसाळी अधिवेशनात मांडलेलं विधेयक नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तसंच पुढे नेता येतं.

जमीन हलू नये यासाठी जप्तीची अधिसूचना आजच्या एमपीआयडीखालीही काढता येते. पतसंस्थांविरुद्ध तो कायदा वापरलाही गेला आहे. तुमच्या प्रकरणात तो वेळेत का वापरला गेला नाही, हा प्रश्न मला नव्या कायद्याच्या प्रश्नापेक्षा मोठा वाटतो.

जुना हिशेबनीस

मी सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणात आयुष्य घालवलं, म्हणून एका शब्दावर बोलतो.

"निबंधक मालमत्ता जप्त करील" आणि "निबंधक मालमत्ता जप्त करू शकेल". मसुद्यात या दोन वाक्यांत एका क्रियापदाचा फरक आहे, तालुक्याच्या कार्यालयात तो दहा वर्षांचा होतो. "करील" असेल तर फाइल हलवावीच लागते. "करू शकेल" असेल तर ती टेबलावर राहते आणि कोणी विचारलं तर "विचाराधीन आहे". शेवटच्या दुपारी पंधरा खंड एका दमात मंजूर होतात, तेव्हा हा शब्द कोण पाहतो? ज्यांना पाहायचा असतो त्यांनी तो आधीच पाहिलेला असतो.

दुसरं म्हणजे रस्त्यात पडणारे अडथळे. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यातली कलम 83 ची चौकशी, मग 88 खाली जबाबदारी निश्चिती. संचालकावर रक्कम बसते तेव्हा 152 चं अपील, नाहीतर 154 ची फेरतपासणी, आणि त्यात स्थगिती. स्थगिती मिळाली की सगळे निवांत. नवा कायदा आणताना या स्थगितीला मुदत घातली नाही, तर तो कितीही कडक असो, जुन्याच दारातून संचालक बाहेर पडतो. हे खंडशः चर्चेतच निघतं, एरवी निघत नाही. म्हणून मी नोंदवहींच्या बाजूचा.

कागद पोचवणारा

मी एका आमदारांच्या कार्यालयात काम करतो, त्यामुळे मला चित्र आतून दिसतं. या तर्काशी मी सहमत नाही.

पहिलं, घाई नेहमी लबाडीची नसते. दोन अधिवेशनांच्या मध्ये अध्यादेश निघाला, तर अनुच्छेद 213 प्रमाणे सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत तो कायद्यात रूपांतरित व्हावा लागतो, नाहीतर तो संपतो. नागपूरचं अधिवेशन दोनेक आठवड्यांत आटोपतं. ते संपलं आणि विधेयक राहिलं, तर अध्यादेशाखाली झालेल्या कारवाया लोंबकळतात. जानेवारी 2016 मध्ये रिझर्व्ह बँकेमुळे ज्यांची संचालक मंडळं बरखास्त झाली त्या सहकारी बँकांच्या संचालकांना दहा वर्षं निवडणूक बंदी करण्याचं पाऊल राज्याने अध्यादेशानेच उचललं होतं. सगळ्या पद्धतशीर वाटा धरल्या असत्या, तर ज्यांच्यावर बंदी यायची तेच मधल्या निवडणुकांत पुन्हा निवडून आले असते.

दुसरं, आणि हे मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. समितीत कोण बसणार? आमदारच. कितीतरी आमदार स्वतः जिल्हा बँकेवर, नागरी बँकेवर, साखर कारखान्यावर संचालक असतात किंवा त्यांच्या घरातलं कोणी असतं. शेवटच्या दिवशी सरकारने रेटलं तर त्यांना मोडता घालायला वेळ मिळत नाही. समितीत तो मिळतो. तुम्ही मागताय तो वेळ ठेवीदाराच्या हातात जाईल असं तुम्ही धरून चालला आहात. माझ्या अनुभवात तो दुसऱ्यांच्या हातात जातो.

नोंदवही

दुसरा मुद्दा मला लागला. त्याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. पण जी व्यक्ती समितीत बसून शब्द बदलू शकते, ती मसुदा मंत्रालयात असतानाही फोन करू शकते. फरक एवढाच की समितीत केलेला बदल अहवालात दिसतो. जनसुरक्षा विधेयकाचं पाहा. विषय वेगळा, पण वाट हीच. डिसेंबर 2024 मध्ये ते संयुक्त समितीकडे गेलं, बारा हजारांहून जास्त सूचना आल्या, जुलै 2025 मध्ये बदललेल्या मसुद्यासह मंजूर झालं. तुम्हाला तो कायदा मान्य असो वा नसो, कोणता शब्द आधी होता आणि नंतर कोणता आला, हे आज कोणालाही दाखवता येतं.

अध्यादेशाचं म्हणाल, तर अध्यादेशाची सोय असणं हेच दाखवतं की खरी निकड असेल तेव्हा सरकारपाशी साधन आहे. मग ते विधेयक पुढच्या अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी मांडावं. सहा आठवड्यांचा हिशेब पहिल्या दिवसापासूनच सुरू होतो. शेवटचा दिवस कशाला गाठायचा?

गटसचिव

मी विकास संस्थेचा सचिव आहे, मला थोडं वेगळं बोलू द्या. अधिवेशनाच्या शेवटी बँकांवर येऊन पडणारी गोष्ट म्हणजे फक्त कायदा नाही, घोषणाही.

21 डिसेंबर 2019, नागपूर, अधिवेशनाचा शेवटचा दिवस. दोन लाखांपर्यंतच्या पीककर्जाची माफी जाहीर झाली. शेतकऱ्याला दिलासा मिळाला, मला त्याचा आनंदच झाला. माझ्या गावातल्या दोन घरांत त्या वर्षी लग्नं झाली ती त्यामुळेच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात जे नियमित भरणारे होते ते उभे राहिले. "आम्ही काय गुन्हा केला?" त्यांच्यासाठी पन्नास हजारांचं प्रोत्साहन 2020 मध्ये जाहीर झालं आणि हातात पडायला लागलं 2022 मध्ये. त्या दोन वर्षांत वसुलीला गेलो की लोक म्हणायचे, थांबा, पुढचं अधिवेशन येतंय.

जिल्हा बँक संस्थेला पैसे देते, संस्था शेतकऱ्याला. वसुली थांबली की पुढच्या हंगामाचं कर्ज अडतं. सभागृहात टाळ्या पडल्या त्या संध्याकाळी हा हिशेब कोणी विचारला नव्हता. विचारायला दोन दिवस असते तर नियमित फेडणाऱ्यांचा विचार पहिल्याच निर्णयात झाला असता. म्हणून मी म्हणतो, दिवस हवेतच.

पासबुक

गटसचिव, तुमच्याकडे दुसऱ्या दिवशी निदान कोणी दारात येऊन विचारतं तरी. आमच्या पतसंस्थेच्या दारात विचारायला माणूस नाही.

मी रात्री पुन्हा सगळं वाचलं. "करील" आणि "करू शकेल" हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आपल्याला आलेल्या पत्रात काय लिहिलंय ते बघ. उपनिबंधकांकडून आलेलं पत्र काढलं. त्यात लिहिलंय, "नियमानुसार कार्यवाही करता येईल." करता येईल. तीन वर्षांपूर्वीचं पत्र आहे.

मी बाजू बदललेली नाही. उशीर झाला तर आमचंच जातं, हे मी अजून म्हणतो. पण घाईत होणाऱ्या कायद्यात आमच्यासाठी "करता येईल" एवढंच लिहिलेलं असेल, तर तो मला नको. मला आता एवढंच सांगा, समितीसमोर सूचना द्यायची कशी? वर्तमानपत्रात समितीची जाहिरात येते असं ऐकलंय, ती कोणत्या पानावर? अर्ज मराठीत चालतो ना? आईला मुंबईला यावं लागेल का? तिच्या गुडघ्यांमुळे एसटीत तीन तासांच्या वर बसवत नाही.

कागद पोचवणारा

मराठीत चालतो, साध्या कागदावर. समितीकडे सूचना पाठवायला मुंबईला यावं लागत नाही, विधानमंडळ सचिवालयाच्या पत्त्यावर टपालाने पाठवता येते. विषय लिहा, संस्थेचं नाव, पावती क्रमांक, आणि कोणत्या खंडात कोणता शब्द हवा ते. लांबलचक लिहू नका, एका पानात बसवा. त्या "करता येईल"च्या पत्राची झेरॉक्स जोडा.

बाकीच्या मुद्द्यांवर माझं नोंदवहींशी पटलेलं नाही, ते राहू द्या. या पत्रापुरतं आपलं एकमत आहे. पासबुक, मसुदा तयार झाला की इथे टाका, जुने हिशेबनीस कलमं तपासून देतील.

जुना हिशेबनीस

देतो. फाटलेल्या पावतीचा क्रमांक खालच्या कोपऱ्यातही छापलेला असतो. तो वाचता येतोय का, ते आधी बघा.