तिखटाचा आकडा नको, चव सांगा

तिरफळवाला, वेंगुर्ला

वर्षभर मी तिखट सॉसच्या बाटल्या जमवतोय, आता सतरा झाल्या. परवा चुलतभाऊ पुण्याहून एक घेऊन आला, मिरचीचा नुसता अर्क घातलेली. आईने त्या दिवशी बांगड्याचं तिखलं केलं होतं, मासे सकाळी होडीवरून आणलेले. भावाच्या आग्रहाने भातावर दोन थेंब टाकले आणि पुढची पंधरा मिनिटं जीभ माझी राहिलीच नाही. बांगडा खाल्ला, पण त्याची चव लागली नाही. आई समोर बसून विचारत होती, बरं झालंय का? मला सांगता येईना. त्याचं मला फार वाईट वाटलं.

म्हणून लिहितोय. सॉसचं परीक्षण वाचायला घ्यावं तर बहुतेक जण स्कोव्हिलचा आकडा, म्हणजे मिरचीच्या तिखटपणाचं माप, सांगून मोकळे होतात. २०२३ साली पेपर एक्स मिरचीची नोंद २६ लाख ९३ हजारांवर झाली. बरं, मग? टबॅस्को जेमतेम अडीच ते पाच हजारांत आहे. पण मिरची मिठात वाटून ओकच्या पिंपात तीन वर्षांपर्यंत मुरवतात, त्याचा वास बाटली उघडताच येतो. तळलेल्या मांदेलीवर चार थेंब टाकून बघा, मासा जास्तच मासा लागतो. ज्या तिखटाने ताटातलं बाकी सगळं मारलं, ते माझ्या लेखी नापास.

घाटावरून_खाडीवर, चिपळूण

साफ असहमत. तुम्ही अर्काच्या बाटलीवरून सगळ्या जहाल मिरच्यांना नापास केलंत. अर्क म्हणजे निव्वळ आग, त्याला वास नाही. हबानेरो किंवा भूत जोलोकिया अख्खी कापून बघा, पिकल्या फळासारखा गोडसर घमघमाट येतो. भूत जोलोकिया २००७ साली दहा लाखांवर गेली म्हणून गाजली, पण आसामात लोक ती लोणच्यात घालतात ते चवीसाठीच.

आणि झोंबण्यात मजा असते हे मान्य करायला संकोच कशाला? मिरचीतला कॅप्सेसिन ज्या मज्जातंतूंना चेतवतो, ते खरं तर ४३ अंशांच्या वरची उष्णता ओळखणारे. तोंड भाजलंय असं शरीराला वाटतं, भाजलेलं काहीच नसतं. घाम येतो, कान गरम होतात आणि मग एकदम मोकळं वाटतं. त्या मोकळेपणासाठी मी खातो. बांगड्याबरोबर नाही, नुसतं खातो. प्रत्येक तिखटाने माशाची सेवाच केली पाहिजे असं कुठे आहे?

खाणावळवाली, मालवण

सेवा नको, पण ताटात आलात तर शेजाऱ्याला सांभाळा. सासूबाईंच्या वेळेपासून आमची खाणावळ आहे. गेल्या काही वर्षांत गिऱ्हाईक बसल्या बसल्या म्हणतं, "मालवणी ना, झणझणीत द्या." मालवणी म्हणजे जाळ, हे कुणी पसरवलं कोण जाणे. आमच्या मसाल्यात बेडगी रंगाला आणि संकेश्वरी तिखटाला. त्यांच्यासोबत धणे, बडीशेप, दगडफूल, नाकेश्वर, मसाला वेलची, चक्रीफूल असतं. एप्रिल-मेच्या उन्हात सगळं वाळवून, मंद आचेवर वेगवेगळं भाजून कांडपावर नेतो. संकेश्वरीचं प्रमाण थोडं जरी वाढलं तरी दगडफूल गेलंच म्हणून समजा. तेवढं आमच्या मेहनतीचं नुकसान.

एकाने वरून लाल तिखट मागितलं तेव्हा मी दिलं नाही. सोलकढीची वाटी पुढे केली आणि म्हटलं, आधी एक घास तसाच खा. त्याने दुसऱ्यांदा भात मागितला. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, नारळाच्या रसातल्या स्निग्धतेत विरघळतो. म्हणून कढी प्यायल्यावर जीभ सावरते आणि पुढच्या घासाची चव पुन्हा नीट लागते. आमचं जेवण असं दोन्ही बाजूंनी बांधलेलं आहे.

कैरी_आणि_मीठ, रत्नागिरी

ताई, मसाल्याचं पटलं. पण "आमचं असंच असतं" याला माझा विरोध आहे. मिरची इथे पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. त्याआधी कोकणात तिखट म्हणजे मिरी, आलं, तिरफळ. लाल मिरची आपण घरात घेतली, तर मग हबानेरोला दारात का अडवायचं?

मी कुंडीत लावली आहे. दहा-बारा मिरच्या, एक हापूसची कैरी, लसूण, वजनाच्या ३ टक्के मीठ, सगळं वाटून बरणीत. मिरचीतली पांढरी शीर काढून टाकली, कारण खरं तिखट बियांत नसून त्या शिरेत असतं. पावसाळ्यात वर पांढरी साय धरली, पहिली बरणी फेकावी लागली. दुसऱ्या वेळी लगदा खारवणीखाली दाबून ठेवला, तीन आठवड्यांनी उघडला. तळलेल्या बोंबलाबरोबर खाल्ला. झोंबतो भरपूर, पण बोंबील हरवत नाही.

दर्यावर्दी, देवगड

माका एकच इचारूचा आसा. तिरफळाक कितीचो आकडो लावतलास?

पुढचं सगळ्यांसाठी लिहितो. स्कोव्हिलसाहेबाने १९१२ साली जी पद्धत काढली ती अशी: मिरचीचा अर्क साखरपाण्यात पातळ करत जायचा, चाखणाऱ्याला तिखट लागेनासं होईपर्यंत. म्हणजे मूळ माप जिभेचंच, आज ते यंत्रावर काढतात. ते कॅप्सेसिनसारख्या घटकांपुरतं. तिरफळात ते नसतातच. त्यातल्या सॅनशूलने ओठ मुंगीसारखे चुरचुरतात, चीनच्या सिचुआन मिरीचं ते भावंड. तारलीच्या सारात तिरफळ नसेल तर आमच्या घरी कोणी हात लावत नाही. असा पदार्थ तुमच्या आकड्यात शून्य ठरेल. मग त्या आकड्याने कोकणातलं तिखट कसं मोजणार?

घाटावरून_खाडीवर, चिपळूण

तिरफळाचा मुद्दा बिनतोड. तरी आकडा टाकून देऊ नका. माझ्या आठ वर्षांच्या पुतणीने चुकून बाटलीला बोट लावलं होतं आणि तेच डोळ्याला. बाटलीवर मोठ्या अक्षरात आकडा असता तर ती मी वरच्या फळीवर ठेवली असती. चव सांगत नसेल, पण जपायला सांगतो.

तिरफळवाला, वेंगुर्ला

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, आकडा बाटलीवर असूच दे. परीक्षणात मात्र मला हे वाचायचंय: कशाबरोबर खाल्लं, आंबटपणा व्हिनेगरचा की फळाचा, तिखट जिभेच्या टोकाला लागलं की घशात, आणि पुढच्या घासाला मासा लागला का.

रत्नागिरीकर, तुमच्या कैरीच्या सॉसची छोटी बाटली मिळेल का? आमच्या परसातल्या बिंबल्याला घोस लागलेत. कैरीऐवजी बिंबलं घालून बघतो आणि आईने तिखलं केलं की दोन्ही शेजारी ठेवून लिहितो.

कैरी_आणि_मीठ, रत्नागिरी

नक्की पाठवतो. बिंबल्याला पाणी फार सुटतं. आधी चिरून, मीठ लावून दोन दिवस उन्हात ठेवा, नाहीतर सॉसचं सार होईल.