मदत हवी आहे: नवरा कॉकपिटमध्ये पिस्तूल न्यायचं म्हणतोय, रविवारच्या आत उत्तर हवंय

सावली_एस (गुरुवार, रात्री ११:४०)
नमस्कार. सरळ विचारते. नवरा पायलट आहे आणि त्याला आता कॉकपिटमध्ये पिस्तूल बाळगायचं ट्रेनिंग घ्यायचंय. फॉर्म अर्धा भरून झालाय, रविवारी पाठवणार म्हणतो. मला एवढंच सांगा, कॉकपिटचं दार बुलेटप्रूफ असतं ना, आतून बंद असतं ना, मग पिस्तूल कशाला हवं? त्याला दाराचं विचारलं की तो नुसता हसतो आणि विषय बदलतो. गुगल करून डोकं बधिर झालंय, अर्धे लोक लिहितात एक गोळी सुटली की विमान फुग्यासारखं फुटतं. ज्यांना खरंच माहीत आहे त्यांनीच लिहा, तत्त्वज्ञान नको, चार रात्री डोळ्याला डोळा नाही.

खिडकीशेजारी (गुरुवार, रात्री ११:५२)
देश कुठला ते लिहा आधी. असं कोणालाही नेता येत नाही.

सावली_एस (गुरुवार, रात्री ११:५५)
अमेरिका. आणि हो, तिथल्याच कंपनीत आहे.

टेलविंड (शुक्रवार, रात्री १२:२०)
मग ते फेडरल फ्लाइट डेक ऑफिसर, म्हणजे कॉकपिटमध्ये पिस्तूल बाळगायची सरकारी परवानगी असलेले पायलट. २००१ च्या हल्ल्यानंतर २००२ मध्ये कायदा झाला आणि एप्रिल २००३ मध्ये ४४ पायलटांची पहिली बॅच जॉर्जियातल्या ग्लिंको इथून बाहेर पडली. कोणावर सक्ती नाही, ज्याला वाटेल त्याने अर्ज करायचा, या कामाचा वेगळा पगार मिळत नाही, पिस्तूल सरकारचं. मुख्य गोष्ट नीट समजून घ्या, त्याचा अधिकार फक्त कॉकपिटपुरता असतो. मागे केबिनमध्ये कोणी कितीही गोंधळ घातला तरी पिस्तूल घेऊन तिकडे जायचं नाही, दार आतून लावून विमान खाली उतरवायचं. दारातून आत घुसणाऱ्या माणसापुरतंच ते पिस्तूल आहे. कॉकपिटबाहेर पडला की ते कुलपात.
त्यासाठी अमेरिकन नागरिकत्व लागतं. ते आहे का तुमच्याकडे? नसेल तर प्रश्नच मिटला, झोपा निवांत.

सावली_एस (शुक्रवार, सकाळी ६:१०)
आहे हो. गेल्या महिन्यातच शपथ झाली, म्हणून तर हे आत्ता सुरू झालंय. नाहीतर सात वर्षं नुसतं बोलतच होता.

रंगनाथ_ (शुक्रवार, सकाळी ७:०५)
ताई, नवऱ्याला अडवू नका. ११ सप्टेंबरच्या आधी पायलटांना शिकवलं काय जायचं? अपहरणकर्ता म्हणेल ते ऐका, वाद घालू नका, विमान उतरवा, वाटाघाटी जमिनीवरचे लोक करतील. त्या दिवशी १९ जणांनी चार विमानं ताब्यात घेतली ती चाकू-कटरच्या जोरावर, आणि कॉकपिटमधल्या माणसांच्या हातात काहीही नव्हतं. चौथ्या विमानातले प्रवासी उठले आणि जीव देऊन लढले म्हणून ते वॉशिंग्टनपर्यंत पोचलं नाही. दार मजबूत झालं हे मान्य, पण लांबच्या फ्लाइटमध्ये पायलट बाथरूमला जाणार, जेवणाचा ट्रे आत येणार, तेवढी काही सेकंदं दार उघडंच असतं ना? पिस्तूल त्या काही सेकंदांसाठी आहे.

शाल्मली७ (शुक्रवार, सकाळी ७:३१)
त्या काही सेकंदांसाठी वर्षानुवर्षं भरलेलं पिस्तूल दोन माणसांच्या मध्ये ठेवायचं? ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेतच एका को-पायलटने कॅप्टनला गोळी घालायची धमकी दिली असा आरोप आहे. एका प्रवाशाची तब्येत बिघडली म्हणून कॅप्टन विमान दुसरीकडे उतरवू म्हणत होता, वाद तेवढ्यावरून. तो को-पायलट याच कार्यक्रमातला होता. २०२३ मध्ये त्याच्यावर आरोप ठेवले गेले. रंगनाथ, दार बाहेरच्याला अडवतं, आत बसलेल्याचं काय करणार?

रंगनाथ_ (शुक्रवार, सकाळी ७:४४)
आतल्या माणसाचीच नियत फिरली तर त्याला पिस्तूल लागतच नाही. २०१५ मध्ये आल्प्सवर जर्मनविंग्जचं ए-३२० पडलं ते कशाने? कॅप्टन बाहेर गेला, को-पायलटने आतून दार लॉक केलं आणि विमान डोंगरात घातलं. १५० माणसं. कॅप्टन बाहेरून दार फोडत होता आणि ते फुटलं नाही, कारण न फुटण्यासाठीच ते बनवलंय.

शाल्मली७ (शुक्रवार, सकाळी ७:५०)
म्हणजे तुम्ही माझंच म्हणणं सांगताय. कॉकपिटमध्ये एक नवी ताकद आणून ठेवली की ती चुकीच्या हातात गेल्यावर काय, हा विचार आधी हवा. दाराच्या बाबतीत तो नीट झाला नव्हता. २०१३ मध्ये नामिबियात मोझांबिकचं विमान पडलं तेव्हाही कॅप्टन आत आणि को-पायलट बाहेर, ३३ गेले. आता पिस्तुलाच्या बाबतीत तीच चूक परत करायची?

रिव्हेट (शुक्रवार, सकाळी ९:१५)
गोळीने विमान फुटतं या भीतीचं उत्तर कोणी दिलं नाही म्हणून लिहितो, विमानांच्या मेंटेनन्समध्ये २२ वर्षं गेली. नाही फुटत. वर उडताना आतला दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस इंचाला साधारण ८ पौंडांनी जास्त असतो, त्यासाठी इंजिनाकडून हवा सतत आत येत असते आणि जादाची हवा मागच्या एका झडपेतून बाहेर जात असते. ती झडप गोळीच्या भोकापेक्षा कितीतरी मोठी. भोक पडलं तर झडप तेवढी मिटून घेते आणि दाब सांभाळते. १९८८ मध्ये अलोहा या विमान कंपनीच्या ७३७ विमानाचं छप्पर सुमारे १८ फूट उडालं, एक हवाई सेविका गेली, पण विमान उतरलं. २२ मार्च २००८ ला तर पायलटच्याच पिस्तुलातून चुकून गोळी सुटली, डेन्व्हरहून शार्लटला जाणारं ए-३१९, कॉकपिटच्या बाजूला भोक पडलं, कोणाला खरचटलंही नाही. तेव्हाच्या होल्स्टरला, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानाला, कुलूप लावायचं ते ट्रिगरजवळून ओवून, अंधारात घाईघाईत कुलपाचा दांडा ट्रिगरवर दाबला गेला की संपलं. कॉकपिटमध्ये मला भीती वाटते ती वायरिंगची आणि समोरच्या स्क्रीनची. आणि सगळ्यात जास्त शेजारी बसलेल्या माणसाची.

मंदार_के (शुक्रवार, सकाळी १०:०२)
थोडं अवांतर, पण इथे जाणकार दिसतायत म्हणून विचारतो. मुलाला बारावीनंतर पायलट व्हायचंय, चष्मा आहे, चालतो का?

रिव्हेट (शुक्रवार, सकाळी १०:०९)
चालतो, चष्म्यासकट नजर नीट हवी. वेगळा धागा काढा, सविस्तर लिहीन.

अण्णा_त (शुक्रवार, सकाळी ११:३०)
पिस्तूल आणि दार दोन्ही बाजूला ठेवा. कॉकपिटच्या आधी दुसरं जाळीचं फाटक बसवा, पायलट बाहेर येताना ते ओढून घ्यायचं म्हणजे दार उघडं असलं तरी कोणी धावत आत येऊ शकत नाही. जून २०२३ मध्ये अमेरिकेने नव्या प्रवासी विमानांसाठी हा नियम केला. इस्रायलवाले कॉकपिटला दोन दारं आधीपासून वापरतात. हे व्हायला वीस वर्षं लागली याचं मला फार वाईट वाटतं, एका फाटकाचं काम ते.

टेलविंड (शुक्रवार, दुपारी १२:१५)
अण्णा, फाटक उत्तम आहे पण ते प्रवासी विमानांना. सावलीताई, तुम्ही अजून सांगितलंच नाही, ते प्रवासी विमान उडवतात की मालवाहू?

सावली_एस (शुक्रवार, दुपारी १:४०)
मालवाहू. आमच्या घरात विमान म्हणजे तेच, लिहायचं सुचलंच नाही. प्रवासी नसतातच, रात्रीचं पार्सल. का, त्याने काय फरक पडतो?

टेलविंड (शुक्रवार, दुपारी १:५८)
अहो, सगळाच फरक पडतो. वर आम्ही जे दार-दार करतोय ती सक्ती प्रवासी विमानांची आहे. बऱ्याच मालवाहू विमानांत तसलं दार मुळात नसतंच. मालवाहू पायलटांना या कार्यक्रमात डिसेंबर २००३ पासून घेतलं.
७ एप्रिल १९९४ चं वाचा, मेम्फिसहून सॅन होजेला निघालेलं फेडएक्सचं डीसी-१०. त्यांच्याच कंपनीचा एक फ्लाइट इंजिनियर मागच्या सीटवर फुकट प्रवासी म्हणून बसला होता, नोकरी जायच्या बेतात होती. हवेत गेल्यावर त्याने बॅगेतून हातोड्या काढल्या आणि कॉकपिटमधल्या तिघांची डोकी फोडली. को-पायलटने रक्ताळलेल्या अवस्थेत ते एवढं थोरलं विमान उलटंपालटं केलं, हल्लेखोराचा तोल जावा म्हणून, आणि बाकीच्या दोघांनी त्याला धरून ठेवलं. विमान मेम्फिसला परत उतरलं. तिघेही जगले पण पुन्हा कधी कंपनीचं विमान उडवू शकले नाहीत. मधे दार असतं तर कदाचित वेगळं झालं असतं.

शाल्मली७ (शुक्रवार, दुपारी २:२०)
पण तिथे हल्लेखोराकडेच पिस्तूल असतं तर? १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात तेच झालं. नोकरीवरून काढलेला कर्मचारी ओळखपत्राच्या जोरावर तपासणी टाळून रिव्हॉल्व्हर घेऊन चढला, विमान पडलं, ४३ माणसं गेली. त्यानंतर कर्मचाऱ्यांचीही तपासणी सुरू झाली. माझा मुद्दा तोच आहे, माणूस आणि त्याची बॅग तपासा, विमानात शस्त्र वाढवू नका.

खिडकीशेजारी (शुक्रवार, दुपारी २:४५)
सावली, तुम्हाला नक्की कशाची भीती वाटतेय? विमानाची वाटत नाही मला. घरात लहान कोण आहे?

सावली_एस (शुक्रवार, रात्री ९:३०)
लेक आहे, नऊ वर्षांची. बाबा घरी आला की तो बूट काढायच्या आत ती त्याची काळी बॅग उघडते. आधी बाजूचा कप्पा, मग चार्टचा, मग टॉर्चवाला. तो दर वेळी एका कप्प्यात काहीतरी लपवून आणतो, हॉटेलचं पेन, साबणाची छोटी वडी, काहीही. चार वर्षांची होती तेव्हापासून चाललंय. मला विमान दिसत नाही हो डोळ्यासमोर, मला ती बॅग दिसते.

रिव्हेट (शुक्रवार, रात्री ९:५०)
हे आधी लिहायला हवं होतंत. मग घरातलं ठरवून घ्या. पिस्तुलाची पेटी त्या बॅगेत कधीही नाही, वेगळी. घरात शिरल्यावर थेट भिंतीला बोल्ट केलेल्या तिजोरीत, लेकीशी बोलण्याच्याही आधी. गोळ्या वेगळ्या कुलपात. आणि लेकीला पिस्तूल काय असतं ते बापानेच नीट सांगायचं, लपवालपवीने मुलं जास्त शोधतात.

रंगनाथ_ (शुक्रवार, रात्री १०:०४)
रिव्हेटना अनुमोदन. मी तावातावाने लिहीत होतो, मला हे डोक्यातच आलं नव्हतं.

वल्हेकर (शनिवार, सकाळी ८:१२)
सगळे सल्ले ठीक, पण कोणी एक गोष्ट बोलत नाहीये. या कार्यक्रमात कोण आहे हे गुप्त ठेवतात. पिस्तूल कोणाकडे आहे हे हल्ला करणाऱ्याला कळू नये यातच त्याची अर्धी ताकद असते. ताई, तुम्ही देश, मालवाहू, रात्रीची पार्सलं, नागरिकत्व कधी मिळालं, मुलीचं वय, सगळं उघड्यावर लिहिलंय. ओळखीतल्या कोणालाही कळेल.

सावली_एस (शनिवार, रात्री ११:०५)
वाचून हातपाय गार पडले. खरंच डोक्यात आलं नाही.
आज त्याला समोर बसवून सरळ विचारलं, तुझ्या विमानात दार आहे का? नाही म्हणाला. मागे दोन सीट असतात, कधी कंपनीची माणसं बसतात, कधी अनोळखी कंपनीचा पायलट. सात वर्षं तो पाठीमागे कोण बसलंय ते मान वळवून बघत उडवतोय आणि मी समजत होते की बुलेटप्रूफ दारामागे आहे. हसायचा तो म्हणून. मला घाबरवायचं नव्हतं म्हणाला.
बॅगेचं सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. फॉर्म उद्या जाणार नाही. आधी तिजोरी, ती दोघांनी मिळून बसवायची, आणि लेकीशी तो बोलणार, मग पुढचं. मी नाही म्हटलेलं नाही.
अॅडमिन, हा धागा उडवता येईल का? पूर्ण जमत नसेल तर निदान माझे प्रतिसाद तरी काढा, लेकीचा आधी.