रिलीज ट्रेन, ट्राइब, फीचर टीम: मराठीत काय म्हणावं?

हिंजवडीवाला: आमच्याकडे सेफ (SAFe, मोठ्या कंपनीत अनेक टीमनी मिळून अजाइल पद्धतीने काम करायची चौकट) लागू होतंय. सोमवार-मंगळवार 'पीआय प्लॅनिंग' आहे. आजवर आमची एक सुटसुटीत स्क्रम टीम (छोट्या छोट्या फेऱ्यांत काम करणारी) होती, आता म्हणे सगळे 'अजाइल रिलीज ट्रेन'मध्ये. हे शब्द कुणी मराठीत उलगडून सांगेल का? 'चपळ प्रकाशन आगगाडी' असलं काही सुचवू नका, हात जोडतो.

जुनी स्क्रमवाली: आगगाडी राहू दे, पण 'गाडी' सोडू नका. साधारण ५० ते १२५ माणसं, म्हणजे बऱ्याच टीम, एकाच वेळापत्रकावर चालणार. गाडी ठरल्या वेळी सुटते. तुमचं फीचर तयार नसेल तर ते पुढच्या गाडीने येईल, त्याच्यासाठी कुणी खोळंबत नाही. लोकलने जाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. ट्रेन म्हटलं की मॅनेजर मंडळींना वेग आठवतो, इथे मुद्दा वेळेचा आहे.

पीआय म्हणजे आठ ते बारा आठवड्यांचा टप्पा. आधी ते 'प्रोग्रॅम इन्क्रिमेंट' होतं, २०२३च्या ६.० आवृत्तीपासून 'प्लॅनिंग इंटरव्हल' झालं. आद्याक्षरं तीच ठेवली, लोकांचं स्लाइड बदलणं वाचलं! मी सरळ 'टप्पा' म्हणते.

हिंजवडीवाला: आणि डिपेन्डन्सी? परावलंबन?

जुनी स्क्रमवाली: परावलंबनात दोष दिल्यासारखं वाटतं. जेवणाच्या टेबलावर आपण काय म्हणतो? "आमचं पेमेंटवाल्यांवर अडकलंय." तेच बरं. सोमवारी भिंतीवरचा तक्ता बघा: आडव्या ओळी टीमच्या, उभे रकाने स्प्रिंटचे (म्हणजे कामाच्या छोट्या फेऱ्यांचे), आणि ज्याचं जिथे अडकलंय तिथपर्यंत लाल दोरा. शेवटी बोटांनी मतदान होतं. एक-दोनच बोटं वर करणाऱ्याला कारण विचारतात. बॉससमोर पाच बोटं दाखवायचा मोह आवरा, ते मत योजनेवर आहे, निष्ठेवर नाही.

बँकेतला आर्किटेक्ट: दोरे छान लावता येतात, पण ते कमी कसे होतील यावर कुणी बोलत नाही. समजा व्यवहाराची कमाल मर्यादा बदलायची आहे. स्क्रीन एका टीमकडे, एपीआय (स्क्रीन आणि मागची यंत्रणा जोडणारा दुवा) दुसरीकडे, रात्री आपोआप चालणारा बॅच जॉब तिसरीकडे. तिघांचे बॅकलॉग (करायच्या कामांच्या याद्या) वेगळे, तिघांचंही काम 'डन', आणि ग्राहकाला मात्र जुनीच मर्यादा दिसतेय. या 'कंपोनंट टीम', भागवार टीम. 'फीचर टीम' म्हणजे स्क्रीनपासून डेटाबेसपर्यंत सगळं जिच्या हातात आहे ती. मी तिला 'अथपासून इतिपर्यंतची टीम' म्हणतो, लांबलचक आहे पण गैरसमज होत नाही.

क्रेग लार्मन आणि बास वोड्डे यांच्या लेसचा (LeSS, सेफसारखीच अनेक टीमसाठीची दुसरी चौकट) भर इथेच आहे: आठ टीमपर्यंत एकच प्रॉडक्ट बॅकलॉग, एकच प्रॉडक्ट ओनर (कुठलं काम आधी ते ठरवणारा). त्यापुढे 'लेस ह्यूज'. म्हणून स्केलिंगला, म्हणजे एका टीमची पद्धत अनेक टीमपर्यंत नेण्याला, 'विस्तार' म्हणणं मला खटकतं. लेसमध्ये मधल्या पायऱ्या आणि पदं उलट कमी करायची असतात. सेफमध्ये ती वाढतात, हे माझं मत, भांडायला या.

मोडीप्रेमी: स्पॉटिफाय या संगीत कंपनीचे शब्द राहिले. तिथल्या टीमरचनेवरचा २०१२चा क्निबर्ग आणि इवार्सन यांचा निबंध: स्क्वॉड म्हणजे छोटी टीम, ट्राइब म्हणजे शंभराच्या आतला स्क्वॉडांचा गट, चॅप्टर म्हणजे त्या ट्राइबमधले एकाच कौशल्याचे लोक, आणि गिल्ड म्हणजे कंपनीभर पसरलेली हौशी मंडळी. हे आमचं सध्याचं चित्र आहे, अजून बदलतंय, असं त्यांनीच लिहिलं होतं. तरी लोकांनी नावं जशीच्या तशी उचलली. जमात, टोळी काही म्हणू नका, हसं होईल. 'गिल्ड'ला मात्र 'श्रेणी' हा अस्सल शब्द आहे. नाशिकच्या लेण्यांतल्या शिलालेखात विणकरांच्या श्रेणीकडे ठेव ठेवल्याची नोंद आहे. पण ती पैशाची पक्की संस्था होती आणि आपली गिल्ड शुक्रवारी दुपारी भरते, म्हणून मी 'मंडळ'वर समाधान मानतो.

हिंजवडीवाला: आरटीई, म्हणजे 'रिलीज ट्रेन इंजिनिअर', हा गाडीचा ड्रायव्हर का?

जुनी स्क्रमवाली: नाही. नावात इंजिनिअर असला तरी तो गाडीचा स्क्रम मास्टर, टीमचं काम सुरळीत चालू ठेवणारा. काय बनवायचं ते प्रॉडक्ट मॅनेजमेंट ठरवतं. हा बैठका घडवून आणतो आणि अडकलेलं सोडवतो. तुमच्या आरटीईने तुम्हाला कामं वाटायला सुरुवात केली, तर तो जुना प्रोजेक्ट मॅनेजरच आहे, फक्त पाटी बदललीय.