मदत हवी आहे: एमडी मेडिसिननंतर हिमॅटॉलॉजी, ल्युकेमियातल्या सुरुवातीच्या मृत्यूंवर संशोधन कसं सुरू करावं?

नमस्कार. मी मराठवाड्यातल्या एका सरकारी कॉलेजात एमडी मेडिसिनच्या शेवटच्या वर्षाला आहे. डीएम क्लिनिकल हिमॅटॉलॉजी, म्हणजे रक्ताच्या आजारांतलं पुढचं शिक्षण, करायचं ठरलंय, त्याच्या प्रवेशपरीक्षेचा, नीट-एसएसचा, अभ्यास चालू आहे. त्यामुळे प्रश्न प्रवेशाचा नाही, पुढच्या संशोधनाचा आहे. इथे कोणी हिमॅटॉलॉजीत असतील तर कृपया सविस्तर लिहा.

मला अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियावर, म्हणजे एपीएल या रक्ताच्या कर्करोगावर काम करायचं आहे. १९८५ मध्ये शांघायच्या वांग झेन्यी यांनी पाच वर्षांच्या एका मुलीला अ‍ॅट्रा नावाचं तोंडी औषध दिलं आणि ती बरी झाली. कर्करोगाची पेशी मारायची नाही, तिला प्रौढ व्हायला लावायचं, हा विचार मला आजही थक्क करतो. २०१३ मध्ये रोमच्या फ्रान्चेस्को लो-कोको यांच्या गटाने केमोऐवजी अ‍ॅट्रा आणि आर्सेनिक वापरून दाखवलं: कमी ते मध्यम जोखमीच्या रुग्णांपैकी ९९ टक्के दोन वर्षांनी जिवंत होते, अ‍ॅट्रा-केमोच्या गटात ९१ टक्के. आणि आपल्या वेल्लोरला विक्रम मॅथ्यूज, मॅमेन चंडी वगैरेंनी २००६ मध्ये ७२ रुग्णांचे निकाल मांडले. खर्चिक उपचार परवडत नसलेल्यांना नुसतं आर्सेनिक देऊन ८६ टक्क्यांच्या आसपास रेमिशन मिळालं होतं, म्हणजे तपासणीत ल्युकेमिया दिसेनासा झाला होता. मला हा पेपर सगळ्यात जवळचा वाटतो, कारण त्यातला प्रश्नच रुग्णाच्या खिशातून आलेला आहे.

पण हे सगळे आकडे उपचार सुरू होईपर्यंत टिकलेल्यांचे. आमच्याकडे पावसाळ्यात एक तरुण बाई आली. हिरड्यांतून रक्त, सुई टोचली तिथून रक्त थांबेना, प्लेटलेट्स नऊ हजार. आधी दाताच्या डॉक्टरकडे, मग डेंग्यू म्हणून गावातच सलाईन. रात्री स्मिअर, म्हणजे काचेवरचा रक्ताचा थर, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर पेशीत ऑअर रॉड्सची, म्हणजे एपीएलची खूण असलेल्या काड्यांची, मोळीच्या मोळी. अ‍ॅट्राच्या कॅप्सूल आमच्या फार्मसीत नव्हत्या. नवरा शहरभर फिरून घेऊन आला, तोवर मेंदूत रक्तस्राव झाला होता.

अशा बायकामाणसांची नोंद कुठल्याच ट्रायलमध्ये नसते. पहिल्या लक्षणापासून पहिल्या कॅप्सूलपर्यंत वेळ नेमका कुठे जातो, हेच मला शोधायचं आहे. सीनियर म्हणतात, "ल्युकेमियात रिसर्च म्हणजे मॉलिक्युलर लॅब, हे तर पब्लिक हेल्थ झालं." खरंच या कामावर हिमॅटॉलॉजिस्टची कारकीर्द उभी राहते का? गाईड कसा निवडावा? आणि बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष जिल्हा रुग्णालयात मिळालं तर तिथून काही सुरू करता येईल का?

प्रतिसाद:

डॉक्टर, तुमचा प्रश्न अस्सल हिमॅटॉलॉजीचा आहे, सीनियरांचं मनावर घेऊ नका. ब्राझीलमध्ये एपीएलचे सुमारे ३२ टक्के रुग्ण सुरुवातीलाच दगावत. मग ब्राझील, मेक्सिको, चिली, उरुग्वे यांनी जाळं बांधलं: त्वरित निदान, ठरलेला प्रोटोकॉल, नियमित चर्चा. २०१३ मध्ये 'ब्लड' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आले, तेव्हा हे मृत्यू १५ टक्क्यांवर आले होते. नवीन औषध एकही नाही.

बाँडच्या वर्षाची वाट बघू नका. एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन कॉलेजातल्या जुन्या केसपेपरांपासून सुरुवात करा. पहिलं लक्षण, पहिला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), स्मिअर कोणी कधी पाहिला, अ‍ॅट्राचा पहिला डोस, एवढ्या तारखा-वेळा मिळाल्या तरी भरपूर. पॅथॉलॉजीच्या रेसिडेंटला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, नाहीतर स्मिअर सापडणार नाहीत.

गाईड निवडताना विभागाचं नाव पाहू नका. तिथे रुग्णांची नोंदवही नीट ठेवतात का, आणि आधीच्या डीएम विद्यार्थ्यांचं नाव पेपरवर पहिलं येतं का, ते पाहा. हिमॅटॉलॉजी कॅन्सर कन्सोर्शियम देशातल्या अनेक रुग्णालयांतली अक्यूट ल्युकेमियाची माहिती एकत्र करतं, त्यात सहभागी असलेला विभाग मिळाला तर उत्तम.

आणि हे संशोधनाआधीचं: पुढचा संशयित रुग्ण येण्यापूर्वी फार्मसीत अ‍ॅट्राचा थोडा साठा ठेवून घ्या. संशय आला की जनुकीय तपासणीची वाट न पाहता सुरू करायचं, रिपोर्ट निगेटिव्ह आला तर थांबवायचं. मागणीचं पत्र विभागप्रमुखांच्या सहीने द्या. मसुदा हवा असेल तर निरोप करा, पाठवतो.