दुकानातल्या नोकरीसाठी अर्ज केला, उत्तर नाही. चौकशीला जावं की गप्प बसावं?

पाटीपेन्सिल
ऑनलाइन अर्ज भरून आठवडा झाला आणि तिकडून चकार शब्द नाही, तर काय करायचं? माझं मत: पाच ते सात कामाचे दिवस थांबा, मग सरळ दुकानात जा. फोन त्यानंतर, ईमेल सगळ्यात शेवटी. कॅशियर, विक्री सहायक, रॅकवर माल लावणारे या जागांवर कोण येणार, हे बहुतेक ठिकाणी त्या शाखेचा मॅनेजरच ठरवतो. पदवीपेक्षा त्याला दोन गोष्टींत रस असतो. माणूस गिऱ्हाइकाशी नीट बोलेल का, आणि शनिवार-रविवारी येईल का. समोर उभं राहिलात तर हे दोन मिनिटांत कळतं. बरोबर बायोडेटाची एक प्रत, अर्जाचा क्रमांक आणि अर्ज केल्याची तारीख ठेवा.

साठेमोजणी
अजिबात पटलं नाही. एकाच मालकाच्या पाच-पन्नास शाखा असल्या की अर्ज आधी सिस्टिममधून जातात. दुकानात गेलात तर "ऑनलाइनच बघा" एवढंच ऐकून परत यायचं. शिवाय बरेच अर्ज कुणी चौकशी केली नाही म्हणून नव्हे, तर भरताना झालेल्या चुकीमुळे अडकतात. घराबाहेर पडण्याआधी लॉगिन करून हे तपासा:

शेवटची प्रश्नावली पूर्ण केली का? ती राहिली तर अर्ज 'अपूर्ण' म्हणूनच पडून राहतो आणि मॅनेजरच्या यादीत येतही नाही. मोबाइल नंबरातला एखादा आकडा चुकलाय का? उत्तर स्पॅममध्ये गेलंय का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, कामाच्या वेळांचा तक्ता. त्यात फक्त सोमवार ते शुक्रवार सकाळ एवढ्यावरच खूण केली असेल, तर अर्ज तिथेच मागे पडतो, कारण गर्दी असते संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी. खरोखर जमत असेल तर तो तक्ता बदला. खोटं मात्र भरू नका, पहिल्याच ड्यूटी चार्टला उघडं पडतं.

पाटीपेन्सिल
तपासा ना, नको कोण म्हणतंय! पण सगळं बरोबर असूनही अर्ज साठ-सत्तर जणांच्या ढिगात असतो. मॅनेजर त्यातली वरची दहा-पंधरा नावं उघडतो आणि माणूस मिळाला की थांबतो. तुमचं नाव चाळिसावं असेल तर सिस्टिम आपणहून ते वर आणत नाही. नाव सांगितलं तर तो शोधून उघडू शकतो. जाण्याचा उपयोग तेवढाच, पण तो आहे.

रोस्टरवाली
जायचं की नाही यावर वाद चाललाय, पण कधी जायचं हे कुणीच बोलत नाहीये. निम्मं काम तिथेच बिघडतं.

मंगळवार ते गुरुवार. दुकान उघडल्यावर पहिला तास सोडायचा, तेव्हा गल्ल्याची रोकड, सफाई, कोण आलं-कोण नाही हे चालू असतं. त्यानंतर दुपारच्या जेवणापर्यंत, किंवा २ ते ४. मालाची गाडी येण्याचा दिवस, स्टॉक मोजणी, सेलचा पहिला दिवस, संध्याकाळ आणि शनिवार-रविवार टाळा. गाडी कधी येते हे माहीत नसेल तर दाराशी खोक्यांचा ढीग दिसतोच. दिसला की मागे फिरा.

गल्ल्यावर रांग असताना कॅशियरला विचारू नका. मागच्या गिऱ्हाइकाचा खोळंबा होतो आणि तेवढंच मॅनेजरच्या लक्षात राहतं. मोकळ्या दिसणाऱ्या कर्मचाऱ्याला विचारा, "भरतीचं कोण बघतं? त्यांना दोन मिनिटं वेळ आहे का?" नसेल तर कधी येऊ ते विचारून निघा.

आणि "माझं काय झालं?" असं विचारायचं नाही. त्यावर "कळवू" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी: "मी अमुक तारखेला विक्री सहायकासाठी अर्ज केलाय, क्रमांक हा. जागा अजून भरायची आहे का? मला संध्याकाळच्या आणि सुट्टीच्या दिवसाच्या शिफ्ट चालतील." पुढे काही बोलायची गरज नाही.

चष्मेबहाद्दर
एवढं सगळं सांभाळायचं तर फोन काय वाईट? तीस सेकंदांत काम होतं. वेळ रोस्टरवालींनी सांगितली तीच. मॅनेजर नसेल तर निरोपावर विसंबू नका, दुकानातले निरोप चिठ्ठीवर लिहिले जातात आणि चिठ्ठी बिलांच्या कागदांत जाते. ते कधी भेटतील ते विचारा आणि तेव्हा पुन्हा करा. पहिल्या चौकशीनंतर आठवड्याने दुसरी, आणि मग पूर्णविराम. तिसऱ्यापासून त्रास वाटायला लागतो. जाहिरातीत "संपर्क करू नये" असं लिहिलं असेल तर एकदाही नको, फोनही नाही.

साठेमोजणी
ही शेवटची ओळ पाटीपेन्सिल यांनी आधीच लिहायला हवी होती. अजून एक चूक: उत्तर नाही म्हणून त्याच जागेसाठी दुसऱ्या ईमेलवरून नवा अर्ज भरणं. दोन नोंदी होतात आणि कुठली खरी हे बघायला कुणाला वेळ नसतो. दुसऱ्या शाखेसाठी वेगळा अर्ज चालतो.

मालक स्वतःच काउंटरवर बसतो अशा एकट्या दुकानात मात्र प्रत्यक्ष गेलेलंच बरं, हे मान्य. तिथे सिस्टिमच नसते.

पाटीपेन्सिल
चला, अर्धं तरी मान्य झालं! जाहिरातीतल्या सूचनेबद्दल माझी हरकत नाही. पण सूचना नसेल तर मोठ्या साखळीतही मी जायलाच सांगेन.

रोस्टरवाली
मुलाखत झाली असेल तर हिशोब वेगळा. निघतानाच "कधीपर्यंत कळेल?" हे विचारून घ्या. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आभाराचा तीन ओळींचा ईमेल, आणि सांगितलेली तारीख उलटून दोन दिवस झाले की एक फोन. त्या काळात अनोळखी नंबरही उचला, दुकानं बरेचदा लँडलाइनवरून करतात. फक्त "निवड झाली, आधी अमुक पैसे भरा" असा फोन आला तर ठेवून द्या.

चष्मेबहाद्दर
आणि ईमेलच्या विषयात नुसतं "नमस्कार" नको. पदाचं नाव, शाखा, अर्जाचा क्रमांक. न उघडता कळलं पाहिजे.