सागरी मार्गावरील सायकल भ्रमंतीसाठी पॉवर बँक कोणती घ्यावी?

सागरी_रपेट

नमस्कार मंडळी. येत्या डिसेंबरमध्ये अलिबागहून निघून मुरुड, हरिहरेश्वर, दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण असे करत रेडीपर्यंत सायकलने जाण्याचा माझा आणि धाकट्या भावाचा बेत आहे. मुक्काम बहुतेक घरगुती निवासांत होतील; तथापि एखाद-दुसरी रात्र तंबूत किंवा देवळाच्या सभामंडपात काढावी लागेल, असे गृहीत धरले आहे. प्रत्येकी ५००० एमएएच बॅटरीचा मोबाईल, पुढचा दिवा, मागचा ब्लिंकर आणि भावाचे जीपीएस घड्याळ एवढी उपकरणे सोबत असतील. बाजारात १०,००० पासून ३०,००० एमएएचपर्यंतच्या पॉवर बँका दिसतात, काहींच्या पाठीवर सौर पट्टीही असते. किनाऱ्याचा रस्ता नकाशावर सपाट भासला तरी खाडी ओलांडली की चढ समोर उभा राहतो, त्यामुळे वजन वाढवायचे नाही. दोघांना मिळून किती क्षमतेची आणि कोणत्या प्रकारची घ्यावी?

खाडीपलीकडे

खोक्यावरचा एमएएचचा आकडा क्षणभर बाजूला ठेवून वॉट-तासांत, म्हणजे साठवलेल्या ऊर्जेच्या मापात, हिशेब करावा, असे सुचवतो. तो आकडा आतल्या सेलच्या साधारण ३.७ व्होल्टचा असतो, बाहेर मात्र वीज ५ व्होल्टने किंवा त्याहून अधिकाने दिली जाते. म्हणजे २०,००० एमएएचची बँक ७४ वॉट-तासांची, आणि रूपांतरात व केबलमध्ये होणारी घट वजा केली की हाती साठ-पासष्ट लागतात. आपल्या मोबाईलची बॅटरी सुमारे १९ वॉट-तासांची आहे. तेव्हा तो तीन वेळा पूर्ण भरेल, चार वेळा भरेल अशी आशा धरू नये. बँकेच्या पाठीवर बारीक अक्षरांत ‘रेटेड कपॅसिटी’ (प्रत्यक्ष बाहेर मिळणारी क्षमता) म्हणून १२,००० च्या घरातला आकडा छापलेला असतो, तो पाहून खरेदी करावी.

रोज रात्री भिंतीवरचा सॉकेट मिळणार असेल तर बँकेने फक्त दिवसाची तूट आणि एखादी उघड्यावरची रात्र भागवायची आहे, आणि त्यासाठी दोघांत २०,००० पुरेसे आहे. खरी अडचण ती बँक पुन्हा भरण्याची आहे. संध्याकाळी सातला पोहोचायचे, पहाटे साडेपाचला निघायचे, आणि मध्येच लाईट गेली की तास-दोन तास गेले. इनपुट १० वॉटचे असेल तर ७४ वॉट-तास भरायला आठ-नऊ तास लागतात. १८ वॉटचे टाईप-सी पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे वेगवान चार्जिंगचे) इनपुट असेल तर पाच तासांच्या आसपास काम होते. अर्थात चार्जरही तेवढ्या ताकदीचा हवा. घरात पडलेला जुना ५ वॉटचा चार्जर लावल्यास वेगवान बँकेचा काहीही उपयोग नाही.

चढणीचा_भिडू

हिशेब पटला, परंतु एकच मोठी बँक घेण्यास माझा विरोध आहे. १०,००० च्या दोन घेतल्या तरी एकूण वजन जवळपास तेवढेच, म्हणजे ४००-४५० ग्रॅमच्या आसपास, राहते, आणि प्रत्येक भावाच्या पिशवीत स्वतःची बँक राहते. एकजण दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरला आणि दुसरा मागे पंक्चर काढत बसला, तर बँक नेमकी चुकीच्या काठावर असते. शिवाय दोन पोर्टच्या चार्जरवर दोन्ही एकाच वेळी भरता येतात.

दुसरे म्हणजे आपल्या भावाचे घड्याळ. घड्याळ आणि ब्लिंकर इतका कमी प्रवाह घेतात की काही उपकरण जोडलेलेच नाही असे समजून अनेक बँका थोड्या वेळाने आपोआप बंद होतात, आणि सकाळी घड्याळ तसेच रिकामे सापडते. काही मॉडेलमध्ये बटण दोनदा दाबले की कमी प्रवाहाचा मोड सुरू होतो. घेताना तो आहे का ते विचारावे. नसेल तर दुसऱ्या पोर्टवर मोबाईल लावून ठेवल्यास बँक बहुधा जागी राहते. निघण्यापूर्वी घरी एक रात्र हा प्रयोग जरूर करावा.

खारा_वारा

सौर पट्टीच्या मोहात पडू नये. तळहाताएवढी पट्टी भर उन्हातही जेमतेम एक-दीड वॉट देते, त्यामुळे २०,००० ची बँक तिच्यावर भरायला कडक उन्हाचेच पन्नासहून अधिक तास लागतील. तेवढा वेळ लिथियमचे सेल उन्हात तापवणे हा उलटा धंदा आहे. साधारण ४५ अंशांपलीकडे हे सेल चार्ज करू नयेत असा दंडक आहे, आणि हँडलवरच्या काळ्या पिशवीत दुपारी तेवढे तापमान सहज होते. बँक मागच्या पिशवीत, कपड्यांच्या मधोमध ठेवावी. चाकातला डायनॅमो उत्तम, पण तो ३ वॉटचा असतो, चढावर वेग मंदावला की तेवढेही मिळत नाही, आणि त्यासाठी पुढचे चाक नव्याने बांधावे लागते. छपराखाली मुक्काम असणाऱ्यांना त्याची गरज नाही.

खाऱ्या हवेकडे मात्र दुर्लक्ष नको. फेरीबोटीवर उडालेले तुषार केबलच्या टोकाला लागून तसेच राहिले की आतल्या पट्ट्यांवर हिरवट थर धरतो आणि चार्जिंग अधूनमधून तुटू लागते. केबल आणि बँक झिपच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावी. चार्जिंग चालू असताना पिशवी उघडी असावी, कारण बँक तापते. केबल दोन न्याव्यात. खाडीकाठच्या सखल भागात बऱ्याचदा रेंज नसते आणि मोबाईल टॉवर शोधत बॅटरी संपवतो, म्हणून नकाशा आधीच उतरवून घेऊन तिथे फ्लाईट मोड लावावा.

सागरी_रपेट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. १०,००० च्या दोन, १८ वॉट इनपुटच्या, असे ठरवले. रत्नागिरीच्या बाजारात अनोळखी नावाच्या अगदी स्वस्त बँकाही दिसल्या. त्या घ्याव्यात का?

खाडीपलीकडे

नावापेक्षा शिक्का पाहावा. पॉवर बँकेसाठी बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी सक्तीची आहे. अंगावर मानकाच्या आयएस क्रमांकासोबत आर-पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असतो. तो बीआयएस केअर ॲपवर दुकानात उभे राहूनच तपासता येतो. ॲपवर दिसणारे उत्पादकाचे नाव खोक्यावरच्या नावाशी जुळले नाही तर ती बँक परत ठेवावी, आणि जुळले तर पावतीवर मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा.