मदत हवी आहे: फंड दरमहा पैसे देतोय, मग एनएव्ही (एका युनिटची किंमत) का घसरतेय?

नमस्कार मंडळी,

वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतला काही भाग नियमित उत्पन्न देणाऱ्या एका रोखे फंडात आहे. पैसे दरमहा न चुकता येतात, त्याबद्दल तक्रार नाही. फॅक्टशीटच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत 'वितरण दर ९ टक्के'. पण वर्षाच्या सुरुवातीला एनएव्ही १०० होती, ती आता ९४ आहे. वर्षभरात युनिटमागे ९ हातात आले. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय: यील्ड टू मॅच्युरिटी ६ टक्के, खर्चाचं प्रमाण १ टक्का, ड्युरेशन ४ वर्षं.

वडिलांचा सरळ प्रश्न आहे, "हे व्याज आहे की माझेच पैसे मला परत देतायत?" मला उत्तर देता आलं नाही. शिवाय ड्युरेशन ४ म्हणजे पैसे चार वर्षं अडकले का? जाणकारांनी कृपया सोप्या भाषेत सांगावं.

प्रतिसाद १

वडिलांनी नेमकं बोट ठेवलंय. थोडं व्याज आहे, थोडे त्यांचेच पैसे.

तुम्ही दिलेल्या आकड्यांतच हिशेब आहे. यील्ड टू मॅच्युरिटी म्हणजे फंडातले रोखे मुदतीपर्यंत ठेवले तर होणारी वर्षाची कमाई, ती साधारण ६, त्यातून खर्च १ गेला, उरले ५. वाटले मात्र ९. वरचे ४ भांडवलातून काढून दिले, म्हणजे एनएव्ही ९६ वर यायला हवी होती. उरलेले २ कुठे गेले? तिथे ड्युरेशन येते. पैसे अडकण्याशी तिचा संबंध नाही. व्याजदर १ टक्क्याने वाढले तर रोख्यांची किंमत अंदाजे किती टक्के पडेल, ते ती सांगते. तुमच्याकडे ४ आहे, म्हणजे दर अर्धा टक्का वाढले असतील तर २ टक्के घट. झाले ९४.

म्हणजे खरा परतावा किती? ९ मिळाले, ६ गेले, राहिले ३ टक्के. यालाच एकूण परतावा म्हणतात आणि बघायचा तो हाच. वितरण दर म्हणजे फक्त किती वाटलं, किती कमावलं नव्हे.

आणखी एक गंमत बघा. पुढच्या वर्षीही ९ च वाटले तर ९४ वर तो दर साडेनऊच्या वर दिसेल! फंड आटत जातो तसा जाहिरातीतला आकडा फुगत जातो.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. दर वाढल्यामुळे झालेली घट आणि वाटपामुळे झालेली घट एकाच मापाने मोजू नका. २०२२ मध्ये जगभर मध्यवर्ती बँकांनी दर भराभर वाढवले तेव्हा चांगले चांगले रोखे फंड आपटले होते, पण दर वाढले की नव्या रोख्यांवर व्याजही जास्त मिळतं आणि काही भरपाई हळूहळू होते. भांडवलातून वाटलेलं मात्र फंडातून गेलं ते गेलं.

बाकी ज्या दिवशी वाटप होतं त्या दिवशी एनएव्ही तेवढ्याने उतरतेच. त्याने घाबरू नये.

धागाकर्ता

दोघांचेही आभार, बरंच डोक्यात शिरलं. मग वितरण दर ९ आणि यील्डही ९ असलेला फंड शोधू का?

प्रतिसाद १

मिळेल, पण मग कर्जदार कोण आहेत ते आधी तपासा. इतकं व्याज देऊन कर्ज काढणाऱ्या कंपन्यांचं पतमानांकन बहुधा कमी असतं, आणि एखादीने हात वर केले की एनएव्हीला एका दिवसात खड्डा पडतो. काही फंड शेअरवर कॉल ऑप्शन (ठरलेल्या भावाला शेअर विकत घेण्याचा हक्क) दुसऱ्याला विकून उत्पन्न काढतात. तिथे बाजार चढला तरी आपला वाटा मर्यादित, पडला तर बहुतेक मार आपल्याच वाट्याला.

मी असतो तर फंड कंपनीला लिहून विचारलं असतं की वाटलेल्या ९ पैकी उत्पन्न किती आणि भांडवल किती. आणि वडिलांना भांडवल मोडायचं नसेल तर वाटपाचा पर्याय सोडून ग्रोथ (कमाई न वाटता फंडातच ठेवणारा पर्याय) घ्या, दरमहा लागेल तेवढेच, पण कमाईच्या आत, युनिट विका. फक्त बाहेर पडायचं शुल्क आणि कर किती बसतो ते आधी बघा.